दोन कप्प्या

हरिश्चंद्र कणकवलीहून पहिल्या एस्टीने आला तेव्हा विठोबा पडवीत उकिडवा बसून गिअरबॉक्स पुसत होता.

रोज सकाळी पेज पिऊन झाली की त्याचं हेच काम. वरचं गोणपाट काढायचं, खारा वारा जिथे लागला असेल असं वाटेल तिथे बोटाने खोबरेल चोळायचं, पुढे आलेल्या शाफ्टच्या दात्यांमधून काडीला गुंडाळलेली चिंधी फिरवायची, आणि पुन्हा गोणपाट पसरायचं. अडीच मणांचं ते लोखंड कार्तिकात तिथे आलं होतं. आता शिमगा आठ-दहा दिवसांवर होता.

हरिश्चंद्र पायरीवर टेकला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आबा, इषय काढूक जीव होना नाय. पण आज काढूकच व्हयो."

"काढ."

"लॉरी माजी नि धोंडूची अर्धी अर्धी. चार म्हयने मी काय बोललंय नाय. पण पावस इलो की ती थयसरच रुतान बसतली. कोल्हापूरचो एक माणूस आसा, तो मोडीत घेतंय म्हणता."

"मोडीत म्हणजे?"

"सुटी करून. इंजिन एकाक, चाकां दुसऱ्याक. रवलेला लोखंड भट्टीत."

विठोबाचं बोट दात्यांत थांबलं. अंगणात लॉरी उभी होती. लढाईनंतरच्या लिलावातली, हिरवा रंग उडून कुठे कुठे शेवाळासारखा राहिलेली. पुढचं झाकण काथ्याच्या दोरीने बांधलेलं. मागच्या फळीवर कोंबड्या बसत होत्या.

"इंजिन तेनी बसवल्यान मां?" विठोबाने विचारलं.

"बसवल्यान तर! पेट्रोलचे गाडयेक डिझेलचा इंजिन. कणकवलीत लोक हसी होते तेका. इंजिन नि गिअरबॉक्स, दोगांची तोंडां जुळनत नाय म्हणान मधे घालूक लोखंडाची जाड चकती कातून आणल्यान. असा काम कोणाक जमाचा नाय, आबा."

"मगे रवला काय?"

हरिश्चंद्राने गिअरबॉक्सकडे पाहिलं. "ह्या एवढाच."

"ह्या एवढ्यासाठी मोडूची?"

"बसवतलो कोण?"

आतून विठोबाची सून सुभद्रा चहाची कपबशी घेऊन आली. धोंडू गेल्यापासून ती बाहेरच्या माणसासमोर फारशी येत नसे. आली तरी भांडं ठेवून आत जायची. आज कपबशी ठेवून ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"मेस्तरी आणा, भाई," ती म्हणाली. "बोल्ट सगळे आसत. तेंनी काढलेले, तसे मी बांधून ठेवलेले आसत. खंयचो खंय जाता ता माका म्हायत आसा."

हरिश्चंद्राने चहा बशीत ओतला.

"आठ दिस," तो म्हणाला. "तेच्या पलीकडे मी त्या माणसाक थांबवू शकणार नाय."

*

विठोबा रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, तांडेल. आचऱ्याच्या अलीकडच्या त्या वाडीत रापण ओढायला चाळीस माणसं लागत, आणि ती चाळीस माणसं त्याच्या हाकेवर पाय रोवीत, त्याच्या हाकेवर सैल सोडीत. वाऱ्यावर त्याचा आवाज पार होडीपर्यंत पोचायचा. धोंडू सोळाव्या वर्षापर्यंत त्या दोरावर होता. मग तो कोल्हापूरला एका गाडीवर क्लीनर म्हणून गेला, पुढे ड्रायव्हर झाला, आणि आठ वर्षांनी परतला तो ही लॉरी घेऊनच. मासळी इथून थेट घाटावर न्यायची, मधल्या व्यापाऱ्याचं तोंड बघायचं नाही, असं त्याच्या डोक्यात होतं.

लॉरी अंगणात यायला गडग्यापाशी, अंगणाच्या दगडी कुंपणापाशी, जागा नव्हती. विठोबा एक दिवस मालवणला गेला असताना धोंडूने गडग्याजवळचे दोन माड तोडले. ते माड त्याच्या आईने लग्न होऊन आल्यावर लावले होते. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. विठोबा संध्याकाळी परतला, आडव्या पडलेल्या माडांवरून पाय टाकून घरात गेला, आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलला नाही. दीड महिना दोघे एका पडवीत जेवले. वाढताना सुभद्रा एकाचं दुसऱ्याला सांगायची.

कार्तिकातल्या त्या सोमवारी बांगडा लागला होता. विठोबा डोक्याला पंचा गुंडाळून किनाऱ्याकडे निघाला होता. धोंडू लॉरीखाली उताणा होता. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. चिऱ्यांवर फळी, फळीवर गिअरबॉक्स आणि फळीखाली जॅक, अशी त्याची मांडणी होती. पावलांची चाहूल लागली तशी खालून हाक आली.

"बाबा, वाईच हात लावशात? फळी धरूक एक माणूस व्हयो."

दीड महिन्यात मुलाने त्याला पहिल्यांदाच हाक मारली होती. विठोबा थांबला. तो गेला असता. पण त्याच्याआधी त्याची जीभ गेली.

"माड तोडताना कोणाक हाक मारललंस? आताय तेकाच मार."

आणि तो चालू लागला. रापणीचा दोर अजून निम्मा बाहेर यायचा होता तेव्हा वाडीतून माणूस धावत आला.

धोंडू मालवणच्या दवाखान्यात तीन दिवस होता. छातीचा पिंजरा आत गेला होता. काय झालं म्हणून डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाला, फळी निसटली. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याने तेवढंच सांगितलं. बापाशी तो तिसऱ्या दिवशी सकाळी बोलला.

"गिअरबॉक्साक खारो वारो लागाक देव नको," तो म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "गंजलो तर काय कामाचो नाय."

त्यानंतर तो काही बोलला नाही. दुपारी गेला.

त्या सोमवारी विठोबा कुठे होता, हे त्याला कोणी विचारलं नाही. तो रापणीवर होता हे सगळ्यांनाच माहीत होतं. बारावं झालं तेव्हा त्याने तांडेलकी सोडली. गुडघे दुखतात म्हणाला.

*

बाबली मेस्त्री तिसऱ्या दिवशी आला. साठीचा, ठेंगणा, कमरेला चामड्याच्या पट्ट्यात बोल्ट आवळायचे पाने खोवलेला. तरुणपणी तो पलटणीच्या कारखान्यात होता आणि बोलण्याची तऱ्हा तिथूनच आणली होती. आल्या आल्या तो लॉरीखाली सरपटत गेला, बराच वेळ तिथे आपल्याशीच काहीतरी पुटपुटला, आणि बाहेर येऊन मातीवरच बसला.

"इंजिन सरळ बसवल्यान हा," तो म्हणाला. "केसाइतक्याय वाकडा नाय. खंय शिकलो ह्यो?"

मुलगा कुठे काय शिकला हे विठोबाने कधी विचारलं नव्हतं.

"कोल्हापुराक," सुभद्रा म्हणाली.

पहिला दिवस साफसफाईत गेला. सुभद्रेने गाठोडं आणलं. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत बोल्टांच्या पुरचुंड्या होत्या. प्रत्येकीला दोऱ्याच्या गाठी मारलेल्या, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. धोंडू बोल्ट काढून देताना सांगायचा आणि ती गाठी मारायची. ती डब्यात रॉकेल घेऊन बसली आणि एकेक बोल्ट नारळाच्या काथ्याने घासून केळीच्या पानावर मांडू लागली.

विठोबा मेस्त्रीच्या हाताखाली होता.

"चौदाचो पानो दी."

विठोबाने एक पाना दिला.

"ह्यो चौदाचो? डोळे आसत काय काजूचे बोंडू? तो, तो! तेच्या बाजूचो!"

वाडीतली दोन माणसं गडग्याशी उभी राहून बघत होती. दोघेही रापणीवर विठोबाच्या हाताखाली दोर ओढलेले. एकाने नजर दुसरीकडे वळवली. विठोबाने पाना उचलून दिला. पुढच्या वेळी दुसरा मागितला तेव्हा त्याने दोन्ही पाने तळहातावर पुढे केले, आणि मेस्त्रीने त्यातला हवा तो घेतला.

क्लचप्लेट उघडल्यावर मेस्त्री गंभीर झाला. प्लेट बरोबर मध्यावर बसली पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्यातून पलीकडे जाणारच नाही, असं त्याने समजावून सांगितलं. प्लेट मध्यावर धरून ठेवायला शाफ्टच्या जाडीचा एक लाकडी खुंटा हवा. पलटणीत तयार मिळायचा. इथे कुठून आणायचा?

विठोबा उठला. घरामागून वल्ह्याचा एक तुटका दांडा घेऊन आला. शाफ्टला दोरा गुंडाळून त्याने मापं घेतली आणि कोयत्याने तासायला बसला. पुढचं टोक बारीक, मधला भाग जाड. दुपारभर तो तासत होता आणि घडीघडी उठून शाफ्टशी ताडून बघत होता. शेवटी त्याने तो काचेच्या तुकड्याने गुळगुळीत केला. मेस्त्रीने खुंटा प्लेटमधून सरकवला. तो आत जाऊन नीट बसला; प्लेट आवळून झाल्यावर मेस्त्रीने तो काढून घेतला.

"हां," मेस्त्री म्हणाला. त्यानंतर त्याने विठोबावर आवाज चढवला नाही.

*

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स वर चढवायचा होता. हरिश्चंद्रासकट चौघांनी तो बांबूला बांधून पडवीतून लॉरीखाली आणला. आता तो जमिनीवरून दीड हात उचलायचा, शाफ्ट प्लेटच्या मधोमध धरायचा आणि सरळ पुढे ढकलायचा. जरा तिरका झाला की शाफ्ट अडणार, आणि अडलेल्या शाफ्टवर सगळं वजन टांगून पडलं की प्लेट वाकणार.

मेस्त्रीने चिरे मागवले, फळी मागवली, जॅक लावला.

विठोबाने फळी बघितली. ती तीच होती. कोणीतरी ती त्या दिवशी गडग्याला उभी करून ठेवली होती आणि तिथेच राहिली होती.

"खाली मी जातंय," तो म्हणाला.

"तुमी नको, आबा. हरिश्चंद्राक जावंदे."

"मी जातंय म्हटलंय मां."

तो पाठीवर झोपला आणि टाचांनी रेटत आत गेला. खाली तेलाचा आणि ओल्या मातीचा वास होता. नाकापासून वीतभर अंतरावर लोखंड. त्यावर खडूने बाण काढलेले होते, आणि एका ठिकाणी काळ्या तेलात उमटलेला आख्खा पंजा होता. उजवा. धोंडूचा अंगठा बापासारखाच बाहेर वळलेला होता, तोही दिसत होता. विठोबाने आपला हात त्या पंजाजवळ नेला, आणि लावला नाही.

"जॅक चढवतंय!" मेस्त्री बाहेरून ओरडला. "फळी धरा!"

गिअरबॉक्स चढू लागला. विठोबाने दोन्ही हातांनी फळी धरली. चार बोटं चढल्यावर फळी डावीकडे कलली. त्याने ती सावरली. आणखी दोन बोटं चढली आणि ते सगळं वजन एका बाजूला हळूच, जनावराने कूस बदलावी तसं, सरकलं. सुभद्रा ओरडली. मेस्त्रीने झटकन जॅक उतरवला. हरिश्चंद्राने विठोबाचे पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

कोणाला काही झालं नव्हतं. पण मेस्त्रीने जॅक काढून बाजूला ठेवला.

"ह्या असा जमाचा नाय," तो म्हणाला. "कणकवलीत मोठो जॅक आसा. तो आणूक व्हयो. नायतर मी हात धुतंय."

विठोबा अजून मातीत बसला होता. तो लॉरीच्या केबिनकडे बघत होता. दार उघडं होतं, आणि साफसफाईसाठी मेस्त्रीने केबिनच्या तळाच्या फळ्या काल काढल्या होत्या. आतून खालची जमीन दिसत होती. गिअरबॉक्स बरोबर त्या भोकाखाली होता.

"ह्या खालसून कित्याक उचलतास?" तो म्हणाला. "वयसून ओढूया."

"वयसून? कशान?"

विठोबा निघाला. होडी ठेवायच्या मांगरात शिडाच्या दोन जुन्या कप्प्या टांगलेल्या होत्या, फणसाच्या लाकडाच्या, प्रत्येकीत दोन दोन चाकं. त्याने त्या काढल्या, दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलं. वाटेत भेटलेल्या दोघांना त्याने सुरूचा वासा आणि चार बांबू आणायला सांगितलं. किती दिवसांनी त्याने कोणाला काही आणायला सांगितलं होतं. ते धावत गेले.

लॉरीच्या दोन्ही बाजूंना त्याने बांबूच्या कैच्या उभ्या केल्या. वासा एका खिडकीतून घालून दुसऱ्या खिडकीतून बाहेर काढला आणि त्याची टोकं कैच्यांवर बांधली. एक कप्पी वाशाला, एक गिअरबॉक्सला. दोर चारही चाकांतून ओवला. गिअरबॉक्सला फास कुठे घालायचा ते त्याने दोनदा बदललं, कारण पुढचं तोंड किंचित वर राहायला हवं होतं. दोराच्या टोकाचा एक वेढा त्याने अंगणातल्या एका माडाला घातला.

"सुभद्रा, ह्या धर."

"मी?"

"धर. जड नाय. मी सांगान तसा ओढ."

तो केबिनच्या पायरीवर उभा राहिला.

"येवंदे," तो म्हणाला.

सुभद्रेने ओढलं. कप्प्या कुरकुरल्या. अडीच मणांचं लोखंड मातीवरून सुटलं आणि वर चढू लागलं, सावकाश, सरळ, झोपाळ्यातल्या पोरासारखं. खाली कोणी नव्हतं. कोणी असायची गरज नव्हती.

"येवंदे... येवंदे... बस! माडाक मार वेढो."

मेस्त्रीने बाजूने हात घालून शाफ्ट प्लेटला लावला. अडला. त्याने मागचं तोंड धरून शाफ्ट जरा फिरवला. पुन्हा अडला.

"केसभर सोड," विठोबा म्हणाला. सुभद्रेने दोर केसभर सैल केला. मेस्त्रीने पुन्हा फिरवला, आणि आत दाते दात्यांत गेले. एकच जाडसर आवाज झाला, आणि गिअरबॉक्स इंजिनाला जाऊन भिडला. मध्ये नखही जाणार नाही असा.

"बोल्ट!" मेस्त्री ओरडला. "दोन गाठींचे!"

सुभद्रेने दोर माडाला बांधला आणि पुरचुंडी घेऊन धावली.

सगळे बोल्ट बसले तेव्हा सूर्य अजून माडांच्या वर होता. मेस्त्री पुन्हा मातीत बसला, विडी पेटवली आणि हसला.

"अर्धी घटकाय लागूक नाय! आबा, ही अक्कल तुमची तेव्हा खंय होती? ह्या धोंडूक कोणी सांगलेला आसता तर..."

हरिश्चंद्राने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मेस्त्री थांबला. त्याने विडी तोंडातून काढली आणि जमिनीवर चोळून विझवली.

विठोबा दोर गुंडाळत होता. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, कोपरापासून अंगठ्यापर्यंत. दोर संपला तरी त्याचा हात दोनदा तसाच फिरला. त्याने कप्प्या उचलल्या. मांगराकडे गेला, त्या जागेवर टांगल्या, आणि अंधार पडेपर्यंत तिथून आला नाही.

*

कामाच्या तिसऱ्या दिवशी मागचा लांब दांडा जोडला, तेल घातलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली. केबिनच्या फळ्या ठोकल्या. हरिश्चंद्राने आपल्या ओळखीच्या एका गाडीची बॅटरी आणली होती. वाडी गोळा झाली. पोरं गडग्यावर चढली.

इंजिन दोनदा घरघरलं आणि गप्प झालं. तिसऱ्यांदा मागून काळ्या धुराचा लोट आला, कोंबड्या उडाल्या, आणि ते लागलं. अंगण हादरू लागलं. हरिश्चंद्राने गिअर टाकला. लॉरी हातभर पुढे गेली. मग हातभर मागे.

"लागतत!" तो आतून ओरडला. "सगळे लागतत!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. सावित्री म्हणून शेजारची मासळी विकणारी बाई होती, ती पदर तोंडाला लावून रडू लागली. मेस्त्री विठोबाला शोधत होता, पण विठोबा तिथे नव्हता.

तो विहिरीवर होता. हाताला लागलेलं तेल साबणाने जात नव्हतं. तो घासत होता.

सुभद्रा आली. तिने करवंटीतून राख आणली होती. "ह्या लावा. साबणान जावचा नाय." तिने कळशी ओढली आणि पाणी घालू लागली. इंजिनाचा आवाज इथवर येत होता.

"सुभद्रा," विठोबा हातांकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी तेनी माका हाक मारलेली."

"म्हायत आसा."

त्याने मान वर केली.

"मी चुलीकडे होतंय," ती म्हणाली. "तुमी काय बोललास ताय ऐकलंय."

"चार म्हयने तू..." राखेने भरलेले हात त्याने तसेच पुढे धरले होते. "दोन कप्प्या नि एक वासो. मी नुसतो वाकान बगलेलंय आसतंय, तरी माका कळला आसता. नुसता वाकान. चार पावलां नव्हती."

सुभद्रेने कळशी खाली ठेवली.

"तुमी गेल्यार तेंनी माका हाक मारल्यानी," ती म्हणाली.

तिने पदराने हात पुसले.

"'गो सुभद्रा, वाईच ये, फळी धर,' म्हटल्यानी. मी पेज गाळी होतंय. म्हटलंय, येतंय, थांबा वाईच. पेज गाळलंय. मगे निस्त्याक फोडणी घातलंय. ती जळात म्हणान थांबलंय." तिचा आवाज सरळ होता, कोणाचा तरी निरोप सांगावा तसा. "तेंनी परत हाक मारूक नाय. माका वाटला, जमला तेंका."

"किती येळ?"

"फोडणीचो येळ तो कितीसो?"

विहिरीच्या काठावर एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. तुझा काय दोष, तू चुलीशी होतीस, असं विठोबाला म्हणायचं होतं. ते खरंही होतं. पण ते बोललं की तिलाही त्याला तसंच काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि ते ऐकून घ्यायची त्याच्यात ताकद नव्हती. तिने कळशी उचलली आणि पुन्हा पाणी घातलं. राख धुऊन गेली. नखांच्या कडांना काळं तसंच राहिलं.

"मी खारेपाटणाक जातंय," ती म्हणाली. "म्हायेराक."

"शिमगो करून जा."

"नको. फाल्या लॉरी जाता मां, तेतूरनाच जातंय. भाई कणकवलीसून एस्टीत बसवन देतत."

"परत कधी...?"

ती दोर कळशीला गुंडाळत होती. "तांदूळ सडून ठेवलंय," ती म्हणाली. "मडक्यात उकडो आसा. सुकी मासळी वयल्या फळयेर. म्हयनोभर तुमका बगूक नको."

*

सकाळी तिचं एक गाठोडं आणि एक ट्रंक, एवढंच निघालं. सावित्रीने नारळ आणि गुळाचा खडा दिला. सुभद्रा विठोबाच्या पाया पडली. त्याने डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वादाचे शब्द आठवू लागला. बाईला देतात ते सगळे आशीर्वाद नवऱ्याच्या आयुष्याचे होते. त्याने हात तसाच ठेवला आणि काढून घेतला.

ती केबिनमध्ये चढली आणि समोर बघत बसली. पाय तिने नव्याने ठोकलेल्या फळ्यांवर न टेकवता ट्रंकेवर ठेवले.

लॉरी आतमध्ये तोंड करून उभी होती. ती उलटी रस्त्यावर काढायची होती. गडग्याची दोन्ही टोकं जेमतेम चाकांपुरती सोडलेली, आणि आरसा कधीच फुटलेला.

"आबा," हरिश्चंद्र खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "माका मागचा काय दिसणा नाय. तुमी सांगतास?"

विठोबा रस्त्यावर जाऊन उभा राहिला. त्याने हात वर केला.

"येवंदे!"

त्याचा आवाज चार महिन्यांत पहिल्यांदाच असा निघाला. गडग्यापलीकडे जाळं शिवत बसलेल्यांनी माना वर केल्या. लॉरी गुरगुरत मागे येऊ लागली.

"येवंदे... येवंदे... डाव्याक वाईच... हां, येवंदे..."

तो एकेक पाऊल मागे सरत होता आणि लॉरी एकेक पाऊल त्याच्याकडे येत होती. मागची फळी त्याच्या छातीपासून दोन हातांवर आली. त्याने ती थांबवली नाही. तो आणखी मागे सरला, रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत. चाकं गडग्यातून बाहेर पडली. हरिश्चंद्राने स्टिअरिंगचं चाक फिरवलं. लॉरीचं तोंड कणकवलीकडे झालं. क्षणभर ती तशीच थरथरत उभी राहिली, मग गिअर बदलला. कुठे खरखर नाही, धक्का नाही. ती निघाली.

वळणापर्यंत मागच्या काचेतून सुभद्रेचं डोकं दिसत होतं. ते वळलं नाही. मग लॉरी वळणावर गेली, मग नुसता आवाज राहिला, चढणीला लागलेला, दुसऱ्या गिअरचा, मग तिसऱ्या. धूळ काजूच्या पानांवर बसली.

"येवंदे," विठोबा म्हणाला.

सावित्री डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. ती त्याच्याजवळ येऊन थांबली. त्याच्याकडे तिने थोडा वेळ पाहिलं, टोपली एका हाताने सावरली, आणि दुसऱ्या हाताने त्याचा वर राहिलेला हात धरून हळूच खाली केला.

"गेली ती, आबा," ती म्हणाली. "रस्त्यातसून बाजूक येवा. मागसून एस्टी येता."